जीनएक्स्पर्टवर नवीन आहात? आधी एवढं सांभाळा

जीनएक्स्पर्ट मशीनवर कोविड, फ्लू आणि आरएसव्ही (श्वसनमार्गाचा एक विषाणू) यांची कार्ट्रिज टेस्ट, म्हणजे नमुना एका बंद डबीत भरून मशीनमध्ये लावायची टेस्ट, लावणं अवघड नाही, दोन-तीन दिवसांत हात बसेल. निकाल बिघडतो तो बहुतेक वेळा स्वॅब घेताना, आणि तिथली चूक मशीन काही दुरुस्त करू शकत नाही.

स्वॅबची काडी नायलॉन फ्लॉक्ड (टोकाला नायलॉनचे बारीक तंतू असलेली) घ्या. कापसाची किंवा लाकडी दांडीची नको, त्यातली द्रव्यं पीसीआर (विषाणूच्या जनुकीय द्रव्याच्या प्रती वाढवून तो शोधण्याची प्रक्रिया) अडवू शकतात. नाकातून वर कपाळाकडे नाही, तर टाळूला समांतर, कानाच्या दिशेने आत घाला. अडली की काही सेकंद थांबा, हलकेच फिरवा आणि काढा. पेशंटच्या डोळ्यात पाणीसुद्धा आलं नाही, तर काडी बहुधा पुढच्या पुढेच फिरली.

टेबलावर एवढं पाळा:

- व्हीटीएमची (स्वॅब ठेवायच्या द्रवाची) नळी पाच वेळा उलटसुलट करून मगच नमुना घ्या.
- किटमधल्याच पिपेटने 300 मायक्रोलिटर घाला. पिपेटमध्ये बुडबुडा आला की नमुना कमी पडतो.
- कार्ट्रिज हलवू नका, झाकणावर लेबल लावू नका, मागच्या चपट्या नळीला बोट लावू नका.
- भरल्यावर अर्ध्या तासाच्या आत मशीनमध्ये लावा.

नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे ‘इनव्हॅलिड’ला निगेटिव्ह समजणं. कार्ट्रिजमधला अंतर्गत कंट्रोल (टेस्ट नीट चालली का, हे तपासणारा भाग) चालला नाही, एवढाच त्याचा अर्थ. विषाणू आहे की नाही ते कळलेलंच नसतं. तेव्हा नवी कार्ट्रिज घेऊन टेस्ट परत लावा. म्हणूनच रिपोर्ट जाईपर्यंत उरलेला नमुना 2 ते 8 अंशांवर जपून ठेवा.

सीटी व्हॅल्यूच्या (कितव्या पीसीआर फेरीत विषाणू दिसला, त्या आकड्याच्या) भानगडीत सध्या पडू नका.