खरचटलंही नाही, मग झोप का उडाली?

‘यांना साधं खरचटलंही नाही, मग असं का करतात?’ दांडिया बाजारातल्या एका ताईंनी विचारलं. शेजारी यजमान खाली मान घालून बसले होते. तेलविहिरीच्या रिगवर नोकरी; 14 दिवस तिकडे, 14 दिवस घरी. बडोद्याच्या जुन्या घरांत असतो तसा पितळी कड्यांचा झोपाळा त्यांच्याकडेही आहे. कडी वाजली की हे दचकून उठत, गॅलरीत जाऊन उभे राहत. शेवटी ताईंनी झोपाळा दोरीने बांधून ठेवला.

रिगवर पाइपाला पाइप जोडताना पूर्वी साखळीचे वेढे देऊन, ती ओढून पाइप फिरवत आणि आटे बसवत. वेढ्यात बोट सापडलं तर गेलंच. आता बऱ्याच रिगवर हे काम यंत्र करतं. यांच्याकडचं यंत्र बिघडलं होतं, म्हणून साखळी बाहेर निघाली आणि एका नव्या पोराची दोन बोटं गेली.

‘मॅडम, त्याचा हात मला दिसला होता. मी ओरडलो नाही.’

डोळ्यांदेखत दुसऱ्याचा हात चिरडला, तर तो मार आपल्यालाही बसतो. ‘तुमची चूक नाही’ असं मी म्हटलं नाही. ते त्यांना पटलंच नसतं. त्या शेवटच्या दहा मिनिटांत काय काय झालं, ते सगळं लिहून आणायला सांगितलं.

कागद दोन्ही बाजूंनी भरलेला आला. 12 तासांच्या पाळीचा शेवटचा तास. नेहमीचा माणूस आजारी. पोराला साखळी कुणी शिकवलेली नाही. इंजिनाच्या आवाजात हाक ऐकू येत नाही. स्वतःच्या गप्प राहण्याची ओळ त्यात एकच होती, पण ती तीनदा गिरवलेली. ट्रेनिंगमध्ये ऐकलेली पायपर आल्फा या समुद्रातल्या तेल-फलाटावरची दुर्घटनाही त्यांनीच काढली: 1988, उत्तर समुद्र, 167 माणसं गेली, दुरुस्तीत असलेल्या पंपाची खबर पुढच्या पाळीपर्यंत नीट पोचली नव्हती.

ताईंना मी दोनच गोष्टी सांगितल्या. ‘विसरा आता’ म्हणू नका. आणि दचकणं, झोप न लागणं महिन्यावर चाललं तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायचंच. चाललं, म्हणून दाखवलं. औषध सुरू झालं. त्यांनी एक फेरी रजा घेतली, चौकशीत तो कागद जसाच्या तसा दिला आणि साखळी रिगवरून कायमची हलवा, असं लेखी मागितलं.

परवा ताईंचा फोन आला. झोपाळ्याची दोरी यजमानांनी स्वतः सोडली. बसले नाहीत अजून. कड्यांना तेल मात्र घातलं.