मुसळी खणण्याआधी

प्रिय लेकी,

मेळघाटातल्या औषधी वनस्पतींवर काम करायचं ठरवलंयस, याचा फार आनंद झाला. पण प्रयोगशाळेची घाई करू नकोस. हे काम बहुधा रानातच फसतं, कारण मुळात झाडच भलतं उचललेलं असतं. नावावर तर विसंबूच नकोस. ‘शंखपुष्पी’ म्हणून कुणी विष्णुक्रांता देतं, कुणी गोकर्ण.

सफेद मुसळीचंच बघ. कंद काढायचे पानं सुकल्यावर, दिवाळीच्या आसपास. तेव्हा ओळखायला पानही नसतं, फूलही नसतं. फुलं येतात पावसाळ्यात. म्हणून श्रावणातच भूमकाबरोबर, म्हणजे कोरकू आदिवासींच्या वैदूबरोबर जा, त्याने दाखवलेल्या रोपाशेजारी नंबराची खुंटी ठोक आणि पुढे कंद त्याच खुंटीचा काढ. ओळख पटवायला कागदात दाबून वाळवायचा नमुना मात्र श्रावणातच, फुला-मुळासकट घे. जाड कंद उभा चिरून कागदात ठेव, नाहीतर आत ओल राहून बुरशी धरते. त्या दिवसांत कागद रोज बदलावे लागतात. एक दिवस चुकला तरी पानं काळी पडतात. फुलाचा रंग रानातच वहीत लिही, वाळल्यावर तो कळत नाही.

भूमका औषध कसं देतो, तेही टिपून ठेव. उकळून, थंड पाण्यात ठेचून की दुधात? ‘मूठभर’ म्हणाला तर ती मूठ तराजूत घाल. तो पाण्यात देतो आणि आपण थेट मिथेनॉलमध्ये अर्क काढतो, मग तपासलं ते त्याचं औषध कसं म्हणायचं? चीनच्या शास्त्रज्ञ तू यूयू यांना जुन्या ग्रंथात वनस्पती भिजवून पिळायची कृती सापडली. उष्णतेने गुण जात असावा हे त्यांनी ओळखलं आणि १९७१ मध्ये कमी तापमानाला ईथरने अर्क काढला. मलेरियावरचं आर्टेमिसिनिन त्यातून मिळालं.

या सगळ्याच्या आधी ग्रामसभा. काय नेणार, कशासाठी, भूमकाचं नाव छापायचं की नाही, हे कोरकूत समजावून सांग. वनखात्याची परवानगी लेखीच घे. पुढे पेटंटचा विचार आला तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे जावंच लागतं. केरळातल्या काणी आदिवासींनी दाखवलेल्या आरोग्यपच्चा या वनस्पतीपासून ‘जीवनी’ हे औषध झालं, तेव्हा परवाना शुल्कातला निम्मा वाटा त्यांना देण्याचं ठरलं. तसा वाटा आधीच कागदावर आण.

आणि खणलेल्या जागी एक-दोन कंद परत पुरून ये. वरचा डोळा कंदाला जोडलेला राहू दे. नुसता कंद फुटत नाही.