लावलेले केसच गळताहेत!

प्रश्न : केसरोपणाला १८ दिवस झाले. आंघोळ करताना लावलेलेच केस हातात येतात. पैसे पाण्यात गेले का? – एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : नाही. गळतोय तो केसाचा दांडा. मूळ त्वचेखाली शाबूत असतं. जागा बदलल्याच्या धक्क्याने मुळं विश्रांतीत जातात, म्हणून साधारण दुसऱ्या ते आठव्या आठवड्यात ही गळ होते. केसाच्या टोकाचा पांढरट ठिपका पाहून घाबरू नका, ते मूळ नव्हे. नवे केस तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, तेही आधी बारीक आणि वेडेवाकडे. खरं रूप १२ महिन्यांनी. अजून खपल्या असतील तर शाम्पूचा फेस १० मिनिटं ठेवून बोटांच्या पेरांनी अलगद चोळा. नख मुळीच नको. रामकुंडातली डुबकी महिनाभर टाळा. पू किंवा ताप आला तर मात्र त्याच दिवशी सर्जनला दाखवा.