अर्ज केलाय, पण फोनच येत नाही

"मॅडम, अर्ज करून करून थकलो, फोनच येत नाही. आणि आमच्यात शब्द टाकणारं कुणी नाही." कोल्हापुरात माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या पंचविशीतल्या मुलामुलींकडून हे गाऱ्हाणं इतक्यांदा ऐकलंय, की त्यावर एकदा सविस्तर लिहावंसं वाटलं. त्यांच्यातल्या एकाची गोष्ट सांगते. त्याची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्याला सुहास म्हणू.

सुहास मेकॅनिकल इंजिनिअर. वडिलांचं उद्यमनगरात लहानसं वर्कशॉप. फौंड्रीत, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यात, त्यातही मेथडिंगमध्ये काम करायचं हे त्याने कॉलेजातच ठरवलेलं. धातू साच्यात कुठून शिरेल, कुठे आधी थिजेल, रायझर (थिजताना आकसणाऱ्या धातूला भर देणारा जादा धातूचा साठा) कुठे ठेवायचा, हे ठरवणारं हे काम. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले, एवढा मोठा फौंड्रीचा पट्टा घरापासून मोटारसायकलच्या अंतरावर. आणि हा वर्षभर घरात बसून पुणे, चेन्नई, राजकोटला मोबाईलवरून अर्ज पाठवत होता.

पोरगं आळशी आहे, असं घरच्यांचं मत. मला ते पटेना. आळशी माणूस रात्री दोनपर्यंत जागून अर्ज भरत नाही.

एका बैठकीत मी म्हटलं, "केलेल्या अर्जांची यादी दाखव बघू."

यादी लांबच लांब.

"यातल्या किती जणांनी तुला नाही म्हटलं?"

तो अंगठ्याने यादी वर सरकवत राहिला. खाली गेला, पुन्हा वर आला. मग म्हणाला, "तसं कुणीच नाही. उत्तरच नाही आलं."

"म्हणजे वर्षभरात तुला तोंडावर एकही नकार मिळालेला नाही."

तो हसला, आणि हसता हसता गप्प झाला. बराच वेळ मी काहीच बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने तोंड उघडलं की हातात आलेलं निसटतं, हे मला अनुभवाने ठाऊक आहे. शेवटी तोच म्हणाला, "शिरोलीला जाऊन कुणी नाही म्हणालं तर मग संपलंच ना मॅडम. तोवर निदान 'बघू' तरी आहे."

सगळी गाठ इथे होती. अर्जांचा तो ढीग नोकरी मिळवण्यासाठी कमी आणि नकारापासून वाचण्यासाठी जास्त होता. उत्तर न येणं सोसवतं, कारण त्यात आपला चेहरा कुणी पाहिलेला नसतो. हे मला त्या दिवशी लख्ख दिसलं, आणि तेव्हापासून "फोन येत नाही" म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी तो यादीचा प्रश्न विचारते.

मी विवेकनिष्ठ विचारसरणी मानणारी, म्हणजे घटनेपेक्षा तिला आपण लावलेला अर्थ जास्त त्रास देतो असं मानणारी. माझ्या मते त्याला खाली ओढत होतं ते त्याने नकाराला चिकटवलेलं वाक्य: "नाही म्हणाले म्हणजे माझी लायकी नाही." त्याला मी या विचारसरणीचे जनक, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची हकिगत सांगितली. स्त्रियांशी बोलायला घाबरणाऱ्या एलिस यांनी एकोणिसाव्या वर्षी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स बोटॅनिकल गार्डनमध्ये महिनाभर बाकावर बसलेल्या शंभरेक अनोळखी स्त्रियांशी बोलायचा सपाटा लावला. एकीने भेटायचं कबूल केलं, आणि तीही आली नाही. पण भीती गेली, कारण आकाश कोसळलं नव्हतं. "तू नोकरी आणू नकोस," मी म्हटलं, "आधी एक नकार घेऊन ये."

आता ओळखीचं. वडिलांना बोलावून विचारलं, तुमचा माल कुठे जातो? त्यांनी चार फौंड्र्यांची नावं सांगितली. "पण त्या काय ओळखी म्हणायच्या? चलनावर सही करणारा माणूस तो." असाच माणूस हवा होता. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये मांडलं, की ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी बहुतेकांना तिची खबर जिवलगांकडून नाही, तर कधीमधी भेटणाऱ्यांकडून लागली होती. जिवलगांना तेच माहीत असतं जे आपल्याला असतं. वशिला वेगळा, तिथे कुणीतरी आपल्यासाठी दबाव आणतो. इथे फक्त कुणाला भेटायचं एवढं कळायला हवं असतं.

पुढच्या बैठकीत आम्ही पहिलं वाक्य घोटलं. सुहासचं वाक्य होतं, "सर, जागा आहे का?" याचं उत्तर "नाही" असंच येतं, समोरच्याला दुसरं सुचायला वाव नसतो. त्याचा कॉलेजचा प्रोजेक्ट साच्याच्या वाळूवर होता: ओलावा जास्त झाला की धातू ओतताना वाफ अडकते आणि कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतलेल्या भागात, ब्लो होल (पोकळ छिद्रं) येतात. मग वाक्य असं बनलं: "सर, मी वाळूच्या ओलाव्यावर काम केलंय. तुमच्याकडे रिजेक्शन कशामुळे जास्त येतं, हे समजून घ्यायला पंधरा मिनिटं द्याल का?" ते त्याने माझ्यासमोर मोठ्याने म्हटलं, अडखळला, पुन्हा म्हटलं.

तुम्हीही हे करा. गेटवर बायोडाटा टाकून परतू नका. ज्याच्या हाताखाली काम करायचंय त्या माणसाचं नाव काढा. त्या कारखान्यात काय बनतं ते वाचून जा. जागा नाही म्हणाले, तर "मग मी आणखी कुणाला भेटू?" एवढं विचारल्याशिवाय उठू नका. संध्याकाळी आभाराचा दोन ओळींचा मेसेज पाठवा. आणि आईवडिलांनो, पोरासोबत ऑफिसात जाऊ नका. फार तर नाव सांगा.

पहिल्या ठिकाणी सुहासला आत सोडलंच नाही. दुसऱ्या ठिकाणी साहेब चांगले बोलले, पण जागा नव्हती. त्यांनी तिसऱ्या फौंड्रीतल्या क्वालिटीच्या माणसाचा नंबर दिला. तिथे तो ट्रेनी म्हणून लागला. पगार हवा होता त्याहून कमी, आणि विभाग क्वालिटीचा, मेथडिंगचा नव्हे.

परवा त्याचा फोन आला. मेथडिंगमधलं कुणीतरी सोडून जातंय हे कानावर येताच तो थेट प्लांट हेडना जाऊन भेटला. ते म्हणाले, "अजून कच्चा आहेस, पुढच्या वर्षी बघू." मी विचारलं, "मग तू काय म्हणालास?"

"विचारलं की सर, तोवर काय काय शिकू? आणि कोणत्या महिन्यात परत येऊ?"