काखेतला पिवळा डाग: मुख्य आरोपी कोण?

एप्रिल लागला की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा विषय ठरलेला. कूलरमध्ये नवी खस भरून होत नाही तोवर घामाची पत्रं सुरू. नागपूरकरांचा घाम काही जगावेगळा नसतो, पण ४५ अंशात बर्डीवर पंधरा मिनिटं पार्किंग शोधल्यावर शर्टाचं काय होतं ते आपलं आपल्यालाच माहीत, म्हणून या वेळी अख्खा कॉलम घामाला देऊन टाकला. बाकीच्यांनी रागावू नका, तुमची पत्रं पुढच्या अंकात.

प्रश्न: मी जिल्हा कोर्टात वकिली करतो, मनीषनगरहून रोज गाडीनं येणं-जाणं. पांढरे शर्ट सात आहेत आणि सातही शर्टांच्या काखेत पिवळे डाग पडलेत, दोनांना तर तिथलं कापड पापडासारखं कडक झालंय. बायकोनं ब्लीचमध्ये भिजवले तर डाग अजूनच गडद झाले. मी म्हणतो ब्लीच खराब, ती म्हणते तुमचा घामच तसा, आणि प्रेसवाला म्हणतो साहेब मी फक्त प्रेस करतो. आमच्याकडे उन्हाळ्यात काळ्या कोटाची सक्ती नसते, पण आता कोट काढायचीच लाज वाटते. उपाय सांगा, आणि दोष कोणाचा तेही सांगा.
– एक वकील, मनीषनगर

उत्तर: वकीलसाहेब, निकाल आधी देते, कारणं नंतर. ब्लीच, घाम, प्रेस, तिघांचाही यात थोडाथोडा हात आहे, पण मुख्य आरोपीचं तुम्ही पत्रात नावच घेतलं नाही. तो तुमच्या बाथरूममध्ये आरशाखाली उभा असणार, रोल-ऑन नाहीतर स्प्रे. त्याच्या मागचं बारीक अक्षर चष्मा लावून वाचा. ॲल्युमिनियम क्लोरोहायड्रेट किंवा ॲल्युमिनियमनं सुरू होणारं असंच काही दिसलं की समजायचं, हे साधं डिओ नाही, अँटिपर्सपिरंट आहे. दुकानदार दोघांनाही डिओच म्हणतो. डिओ वास झाकतं आणि वास करणाऱ्या जंतूंना आवर घालतं. अँटिपर्सपिरंट घामाच्या छिद्रालाच तात्पुरतं बूच मारतं, आणि ते बूच ॲल्युमिनियमच्या क्षारांचं असतं. हेच क्षार घामातल्या प्रथिनांना आणि तेलकट भागाला धरून कापडात बसतात, आज थोडं उद्या थोडं, थरावर थर चढतो आणि मग शर्ट बोटांनी चोळला की तिथे कडक लागतो. तुमचा पापड तो हाच.

नुसता घाम एवढं करत नाही. पाठीवरचा घाम म्हणजे जवळपास सगळं पाणी आणि मीठ, धुतला की गेला. काखेत मात्र वेगळ्या ग्रंथीही असतात, त्यांचा घाम जरा दाट आणि तेलकट, आणि गंमत म्हणजे ताज्या घामाला वास जवळपास नसतोच, कातडीवरचे जंतू तो खाऊन जे सोडतात त्याचा तो वास.

आता वहिनींचं ब्लीच. पांढऱ्या कपड्यांसाठी जे पातळ ब्लीच मिळतं ते बहुतेक सोडियम हायपोक्लोराइट असतं, म्हणजे क्लोरीनवालं. चहाच्या डागावर ते चालतं पण घामाच्या प्रथिनांशी त्याचं जमत नाही, डाग उलट आणखी पिवळा पडतो. हेतू चांगला होता म्हणून वहिनींची निर्दोष मुक्तता. प्रेसवाल्याचं मात्र असं, की डाग शिल्लक असलेल्या शर्टावर गरम प्रेस फिरली की तो पक्का बसतो. अंडं एकदा उकडलं की परत कच्चं होतं का? तसंच. पण त्याला शर्ट कोणी दिला? आपणच ना. धुऊन आलेला शर्ट काख न बघता सरळ गाठोड्यात, बारा नाही पंधरा कपडे, लिहून घे रे बाबा, झालं.

उपाय सांगते, पण घाई करायची नाही आणि फक्त पांढऱ्या सुती शर्टावर करायचा. शर्ट उलटा करा आणि साध्या थंड पाण्यात पंधरा मिनिटं ठेवा, गरम पाणी अजिबात नको. मग एक वाटी पांढरं व्हिनेगर आणि दोन वाट्या पाणी मिसळून त्यात काखेचा भाग अर्धा तास बुडवा. व्हिनेगर नसेल तर मगभर पाण्यात चमचाभर सायट्रिक ॲसिड, किराणा दुकानात लिंबूसत म्हणून मागा, इतवारीत कुठेही मिळेल. आंबट पदार्थानं ते ॲल्युमिनियमचे क्षार सैल होतात, बाकी कशानं एवढे होत नाहीत, म्हणून ही पायरी गाळायची नाही, लोक नेमकी हीच गाळतात. मग नळाखाली खळखळून धुवा, आंबट वास राहता कामा नये.

त्यानंतर तीन चमचे खाण्याचा सोडा, दोन चमचे हायड्रोजन पेरॉक्साइड आणि चमचाभर भांड्याचं लिक्विड कालवून लेप करा, डागावर थापा आणि जुन्या ब्रशनं हलक्या हातानं फिरवा, घासू नका, कॉलर नाही ती. पेरॉक्साइड मेडिकलमध्ये मिळतं, बाटलीवर टक्के बघा, ३ टक्के हवं, ६ टक्क्यांचं असेल तर तेवढंच पाणी घाला. लेप पाऊण तास ठेवा, वाळू देऊ नका, धुवा, आणि मग एन्झाइमवाल्या पावडरीच्या कोमट पाण्यात तासभर भिजवून नेहमीसारखं धुवा. पाकिटावर एन्झाइम लिहिलंय का बघून घ्या, प्रथिनं तोडायचं काम त्याचं.

मग शर्ट उन्हात, आणि वाळल्यावर खिडकीपाशी धरून काख बघा. डाग अर्धा उरला असेल तर तो शर्ट प्रेसला द्यायचा नाही, सगळं परत एकदा. दोन-तीन वर्षांचा जुना डाग दोन-तीन फेऱ्या घेतो, ब्लीचमध्ये जाऊन आलेला कधीकधी पूर्ण जातही नाही, खोटं कशाला बोलू. सातातले पाच वाचले तरी केस जिंकली म्हणा.

एक धोक्याचं. व्हिनेगर किंवा लिंबूसत क्लोरीनवाल्या ब्लीचसोबत चुकूनही एका बादलीत नको, विषारी क्लोरीन वायू निघतो. व्हिनेगर आणि पेरॉक्साइडही एकत्र नको, मधे धुवायला सांगितलं ते म्हणूनच. आणि उरलेला लेप बाटलीत बंद करून ठेवायचा नाही, त्यातून ऑक्सिजन निघत राहतो, बाटली फुगते.

आणि ते मोबाइलवर दाखवतात ना, सोड्यावर व्हिनेगर ओतायचं, भसाभस फेस येतो? मीही केलं होतं, नवऱ्याच्या एका चांगल्या शर्टावर, फेस बघून इतकी खूश झाले की शेजारणीला हाक मारून दाखवलं. फेस बसला, डाग तिथंच. आंबट आणि खारं एकमेकांनाच मारून टाकतात, हाती उरतं खारट पाणी. दोन्ही कामाचे आहेत पण एकामागून एक. नीळ घालून डाग झाकायचा असेल तर झाका, निघत मात्र काही नाही.

पुढे डाग पडू नये म्हणून एवढं करा, रोल-ऑन रात्री झोपताना कोरड्या काखेत लावा, अँटिपर्सपिरंट रात्री जास्त चांगलं काम करतं. सकाळीच लावायचं तर पाच मिनिटं उघड्यानं फिरा, वाळल्यावर शर्ट घाला. आत सुती बनियन. आणि कोर्टातून आल्यावर शर्ट दाराच्या मागच्या खिळ्यावर चार दिवस लटकवायचा नाही, निदान काख तरी त्याच संध्याकाळी पाण्याखाली धरा.

प्रश्न: मी डिओ-बिओ काही वापरत नाही, आमच्या घरी आजोबांपासून तुरटी. आंघोळ झाली की ओली तुरटी काखेत फिरवायची. वास येत नाही हे खरं, पण बनियन पिवळी पडते आणि पोरगा म्हणतो बाबा तुम्ही पण डिओ लावता. काहून होते असं?
– एक वाचक, महाल

उत्तर: भाऊ, पोरगा अर्धा बरोबर आहे. तुरटी म्हणजे ॲल्युमिनियम आणि पोटॅशियमचं सल्फेट, तीही ॲल्युमिनियमचाच क्षार. आजोबांना नाव माहीत नसेल पण काम तेच चालू होतं, तेही दहा-वीस रुपयांत. तुरटी सोडू नका, फक्त कमी फिरवा, दोन हात पुरे, आणि वाळल्यावर बनियन घाला. डागांना वर वकीलसाहेबांना सांगितलं तेच. बनियन आहे म्हणून पेरॉक्साइडही नको वाटलं तर लिंबूसत आणि एन्झाइमची पावडर एवढ्यावर बरंच निघतं.

प्रश्न: मुलगा जिमला जातो, ते चमकणारे टी-शर्ट घालतो. धुतल्यावर वास येत नाही, पण अंगात घालून दहा मिनिटं झाली की परत तोच वास, जसा धुतलाच नाही. वासाचं कंडिशनर दुप्पट टाकून बघितलं. आमच्याकडे बोअरचं पाणी आहे.
– एक आई, हुडकेश्वर रोड

उत्तर: ताई, कंडिशनर आधी बंद करा, एकदम बंद. हे टी-शर्ट पॉलिस्टरचे, पॉलिस्टरला पाण्यापेक्षा तेल जास्त आवडतं, त्यामुळे घामातला तेलकट भाग धाग्याला चिकटून राहतो आणि जंतू तिथे बस्तान मांडतात. कंडिशनर वरून अजून एक थर देतं. कपाटात थंड असताना काही कळत नाही, अंगाची ऊब आणि थोडा ओलावा मिळाला की वास उठतो. प्रेस फिरवताना जी वाफ येते तिच्यातही कळतो बघा, ती वाफ एकदा नाकात गेली की दिवसभर विसरता येत नाही.

बोअरचं जड पाणीही यात भर घालतं, त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमनं साबणाचा चिकट साका कपड्यात बसतो. कॉर्पोरेशनच्या नळाला कन्हान-पेंचचं पाणी येत असेल तर निदान या कपड्यांना ते ठेवा. नसेल तर वडीनं घासणं सोडा आणि पावडर किंवा लिक्विड वापरा, तेही मापात, जास्त टाकलं की निघत नाही आणि तेही आत राहतं.

करायचं असं, टी-शर्ट उलटे करा, अर्धी बादली पाण्यात कपभर व्हिनेगर, एक तास, मग धुऊन दुसऱ्या बादलीत अर्धा कप खाण्याचा सोडा, रात्रभर. सकाळी एन्झाइमच्या पावडरीनं धुवा आणि उलटेच वाळत घाला, कूलरच्या खोलीत नाही, कूलरच्या दमट हवेत वाळलेल्या कपड्याला कुबट वास येतो, आणि तो एकदा लागला की जिमचा कोणता आणि कूलरचा कोणता ते ओळखता येत नाही. मुलाला सांगा, जिमहून आल्यावर टी-शर्ट बॅगेत कोंबायचा नाही. ऐकणार नाही, पण सांगा.

प्रश्न: काळ्या शर्टावर पांढरे पट्टे येतात, काखेतही आणि पाठीवर बॅगेच्या पट्ट्याखालीही. दोन्ही डिओचेच का?
– बुटीबोरीला कंपनीत जाणारा एक जण

उत्तर: नाही. पाठीवरचं मीठ आहे, घाम वाळला की राहतं, साध्या पाण्यात जातं. काखेतलं किंवा कमरेजवळचं जे घालतानाच लागतं ते डिओ, ते ओलं करू नका, कोरडाच स्वच्छ मोजा घ्या आणि त्यावर घासा, अर्ध्या मिनिटात जातं, ऑफिसच्या बाथरूममध्येसुद्धा. पेरॉक्साइड काळ्या शर्टाला लावायचं नाही, रंग उडेल.

प्रश्न: मे महिन्यात बहिणीचं लग्न आहे, लॉनवर. माझा टसरचा ब्लाऊज आहे, मागच्या लग्नात घातला तेव्हा काखेत डाग पडला होता. ड्रायक्लीन करून आणला तरी आहे.
– एक करवली, भंडारा रोड

उत्तर: अगं, मे महिन्यात लॉनवर लग्न ठरवणाऱ्यांना मी काय बोलू. रेशमावर वरचं काहीच चालणार नाही, व्हिनेगर नाही, पेरॉक्साइड नाही आणि एन्झाइमची पावडर तर नाहीच, रेशीम स्वतःच प्रथिन आहे, एन्झाइम डागासोबत कापडही खाईल. ड्रायक्लीनला देताना तू घामाचा डाग आहे म्हणून सांगितलं होतंस का? ड्रायक्लीनचं द्रव तेलकट डाग काढतं, घाम पाण्यात विरघळणारा, तो त्यात तसाच राहतो, त्याला आधी वेगळं काम करावं लागतं. त्यामुळे काख दाखवून, खडूनं खूण करून दे. टेलरकडून मुंढ्यात सुती अस्तर लावून घे, किंवा स्वेट पॅड, कटलरीच्या दुकानात मिळतात, दोन जोड्या घे, एक विधीला आणि एक जेवणानंतर. घरी आल्यावर ब्लाऊज घडी करून पेटीत टाकू नकोस, उलटा करून रात्रभर पंख्याखाली सावलीत टांग. आणि हळदीला तो घालू नकोस, हळदीच्या डागाला अख्खा वेगळा कॉलम लागतो.