लिस्बन आणि सिंत्रा : अडीच दिवस, सोबत आईवडील

नमस्कार. आपल्याला लिस्बनमध्ये अडीच दिवस मिळत आहेत, सोबत सत्तरीतले आईवडील आहेत, आणि सकाळी लिस्बनजवळच्या सिंत्रा गावचा पेना राजवाडा पाहून दुपारी लिस्बनचा नदीकाठचा बेलेम भाग गाठता येईल का, असे आपण विचारले आहे. गाठता येईल, पण तसे करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सिंत्र्याला पूर्ण दिवस द्यावा आणि पेनाऐवजी गावातला जुना राजवाडा पाहावा.

पेना देखणा आहे, यात शंका नाही. मात्र तो डोंगरमाथ्यावर आहे, राजवाड्यात शिरण्यासाठी ठरावीक वेळेचे तिकीट लागते आणि उद्यानाच्या फाटकापासूनही चढण आहे. शिवाय तो १९व्या शतकातला. गावातल्या राजवाड्यात मात्र पोर्तुगालचे राजे पिढ्यानपिढ्या राहिले. त्याच्या मुदपाकखान्याची ३३ मीटर उंचीची, शंकूच्या आकाराची दोन धुराडी लांबूनच दिसतात. जिने इथेही आहेत, पण वाटेत थांबत थांबत ते चढता येतात. बहात्तर सरदार घराण्यांची चिन्हे छतावर रंगवलेले दालन पाहून झाले, की अफोन्सु सहावा या राजाची खोली चुकवू नका. ज्या १६६१च्या विवाहकराराने त्याची बहीण कॅथरिन इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला दिली गेली आणि तिच्याबरोबर मुंबई आंदण म्हणून इंग्रजांकडे जायची ठरली, तो करार याच राजाच्या नावाने झाला. कारभार तेव्हा त्याची आई पाहत होती. पुढे धाकट्या भावाने त्याची सत्ता काढून घेतली, काही वर्षे त्याला अझोर्स बेटांवर ठेवले आणि १६७४पासून १६८३मध्ये मृत्यू येईपर्यंत या राजवाड्यात कैदेत ठेवले. त्याच्या येरझाऱ्यांनी तिथली फरशी झिजली, असे सांगतात. मुंबईहून आलेल्या माणसाने त्या खोलीच्या दाराशी दोन मिनिटे उभे राहावे, असे मला मनापासून वाटते.

सिंत्र्याची गाडी रोसिओ स्थानकावरून सुटते आणि सुमारे चाळीस मिनिटांत पोहोचते.

दुसरा दिवस बेलेमसाठी ठेवा; फक्त तो सोमवार नसावा, कारण जेरोनिमुश मठ त्या दिवशी बंद असतो. मठाच्या चर्चमध्ये वास्को द गामाची समाधी आहे, आणि मठाच्या बांधकामाचा खर्च बराचसा पूर्वेकडच्या व्यापारावरील करातून निघाला होता, हे ध्यानात ठेवून ते दगडी कोरीवकाम पाहावे. नदीकाठचा बेलेमचा मनोरा बाहेरून पाहिला तरी पुरे. त्याच्या एका छोट्या टेहळणी बुरुजाच्या तळाशी गेंड्याचे डोके कोरलेले आहे. ते पार झिजले आहे, म्हणून शांतपणे शोधावे लागते. गुजरातचा सुलतान मुजफ्फरशहा याच्याकडून पोर्तुगिजांना भेट मिळालेला गेंडा जानेवारी १५१५मध्ये गोव्याहून जहाजाने निघाला आणि २० मे रोजी लिस्बनला उतरला. मनोऱ्याचे बांधकाम तेव्हा चालूच होते.

उरलेल्या अर्ध्या दिवसात कार्मो मठाचे अवशेष पाहा. १ नोव्हेंबर १७५५च्या भूकंपात कोसळलेले त्याच्या चर्चचे छप्पर पुन्हा घातलेले नाही आणि उघड्या कमानींतून थेट आभाळ दिसते. तिथून खालच्या बाइशा भागात उतरले, की भूकंपानंतर तेव्हाचा मंत्री पोंबाल याच्या देखरेखीखाली आखलेले सरळ रस्ते लागतात. पायांखालची चुनखडीची फरसबंदी पावसात फार निसरडी होते, तेव्हा आईवडिलांसाठी पकड असलेल्या तळव्यांचे बूट अवश्य घ्यावेत.