सरड्याचा हिरवा मळकट का दिसतोय

तुमचा ६४ बाय ६४ पिक्सेलचा, म्हणजे पिक्सेल आर्टमधला सरडा बघितला आणि लगेच लिहायला बसले, कारण हेच दुखणं मी खूप काळ काढलंय. चार हिरवे वापरूनही तो सपाट आणि मळकट दिसतो, अजून चार शेड वाढवू का, असं विचारलंय तुम्ही. नका वाढवू. गेमबॉय कलर या जुन्या हातातल्या गेम कन्सोलवर स्प्राइटच्या (गेममधल्या पात्राच्या छोट्या चित्राच्या) एका पॅलेटला (रंगांच्या संचाला) ट्रान्सपरंट सोडून तीनच रंग मिळायचे, गेमबॉय अ‍ॅडव्हान्सवर पंधरा, आणि तेवढ्यात लोकांनी जिवंत प्राणी उभे केलेत.

तुम्ही पॅलेट दिलंय त्यात चारही हिरव्यांचा ह्यू (रंगचक्रावरची जागा, अंशांत) १२०, फक्त ब्राइटनेस (उजळपणा) खाली खाली गेलाय. म्हणजे एकाच रंगात काळं ओतत जाणं. मी पैसे भरून एक ऑनलाइन कोर्स केला होता (नाव घेत नाही), तिथे हाच फॉर्म्युला होता, बेस घ्या, ब्राइटनेस २० ने कमी केला की सावली, २० ने वाढवला की हायलाइट, आणि गडद रंग आउटलाइनच्या आतून कडेकडेने फिरवा. प्राणी निर्जीव का दिसतो विचारलं की ठरलेलं उत्तर, प्रॅक्टिस वाढवा. मार्कही त्याच पद्धतीला. गेमचा प्राण्यांचा अख्खा सेट तसा झाला आणि नंतर सगळा परत रंगवावा लागला, पैशांपेक्षा तो वेळ गेल्याचं मला अजून लागतं. उजेड कुठून येतोय हा साधा प्रश्न एकाही धड्यात नव्हता हो! कडेने सावली फिरवली की डोकं, पोट, शेपूट सगळं उशीसारखं फुगलेलं दिसणारच.

आता तुमच्या सरड्यापुरतं. उजेड वरून-डावीकडून धरा आणि शेवटपर्यंत तोच ठेवा. हनुवटीची सावली गळ्यावर पडलीच पाहिजे, आणि पलीकडचे दोन पाय सरळ एक शेड खाली घ्या, एवढ्यानेच निम्मं काम होतं. बेस ह्यू ११०, सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) ६०, ब्राइटनेस ६५. सावलीला ह्यू १५०, ब्राइटनेस ४५. सगळ्यात खोल जागी ह्यू २००, ब्राइटनेस २५, म्हणजे जवळजवळ निळाच. हायलाइटला ह्यू ७०, ब्राइटनेस ८८, सॅच्युरेशन जरा कमी. तो निळा सुटा बघितला तर भलताच वाटेल पण काखेत, मांडीखाली लावून बघा, सावलीच वाटते. आउटलाइनलाही शुद्ध काळ्याऐवजी तोच, आणि उजेडाच्या बाजूला मधला हिरवा. पोटाच्या पिवळ्याला सावली म्हणून हायलाइटचा पोपटी चालून जाईल, एक रंग वाचतो.

हे आकडे काही काळ्या दगडावरची रेघ नाहीत, आणि मी यातली तज्ज्ञही नाही. हे उबदार उजेडाचं गणित आहे, चांदण्यात किंवा गुहेत तुमचा प्राणी असेल तर उजेड थंड होतो आणि सगळं बदलतं.

अजून एक, ब्राइटनेसच्या आकड्यावर भरवसा ठेवू नका. शुद्ध पिवळा आणि शुद्ध निळा दोन्ही १०० च दाखवतात पण डोळ्याला पिवळा कितीतरी उजळ आणि निळा गडद दिसतो. त्यामुळे स्प्राइटची कॉपी ग्रेस्केल (नुसत्या करड्या छटांत) करून बघा, असेप्राइट या पिक्सेल आर्टच्या सॉफ्टवेअरमध्ये कलर मोड बदलला की झालं. दोन शेड एकमेकांत मिसळल्या तर त्यातली एक काढून टाका, बिनधास्त. डिथरिंग (दोन रंगांचे ठिपके आलटून पालटून टाकणं) माझ्या मते एवढ्या छोट्या प्राण्यावर खवल्यांऐवजी खरूज वाटते, काहींना आवडतं, त्यांच्याशी माझं भांडण नाही.

आणि पुढच्या वेळी पीएनजी टाका, २०० किंवा ३०० टक्के अशा पूर्ण पटीत, निअरेस्ट नेबरने (पिक्सेलच्या कडा पुसट न करणाऱ्या पद्धतीने) मोठं करून. आत्ताच्या जेपेगमध्ये शेपटीच्या कडेला जे करडे ठिपके दिसतायत ते तुम्ही काढलेत की कॉम्प्रेशनने आलेत तेच कळत नाहीये.